काळ्या मातीतली हजेरी

पावसाळ्यात तमाशाचा फड बंद असायचा, तवा आमी आष्टीच्या अंगाला माळावर ऱ्हायचो. पत्र्याच्या तीन खोल्या. त्यातल्या दोन सामानाच्या आन एक मानसांची. सामानाला कोरडी जागा पायजे, मानसाला कसली बी चालती, असं तात्या म्हनायचे. तात्या म्हंजी आमच्या फडाचे मालक, मपल्या मायचे चुलतभाऊ. मपला बाप ढोलकी वाजवायचा. मी रांगत व्हते तवाच तो गेला. त्याचं तोंड मला आठवत न्हाई, ढोलकी आठवती. मपली माय रखमा फडात गायची आन नाचायची. गावोगाव लोक तिला रखमाबाई म्हनायचे, घरी ती रखमी व्हती. पत्र्यावर पानी वाजायचं तवा बोललेलं आयकू यायचं न्हाई, मंग माय हातानंच सांगायची, पीठ मळ, इस्तो कर, कवाड लोट. हुलग्याचं माडगं रटरटायचं, त्यात लसूण लई घालायचे. बाजरीची भाकरी. कवातरी येसराची आमटी, तिचा वास सामानाच्या खोलीपतूर जायाचा. ऊन पडलं की पेट्या बाहेर काढायच्या, लुगडी झटकायची, त्यातला लिंबाचा वाळका पाला टाकून नवा घालायचा. मायची घुंगरं चिंचंच्या पान्यात टाकून घासायचं काम मपलं. घुंगरं घासून हात आंबट व्हायचे आन त्याच हातानं मी भाकरी खायाची.

शाळा मला दुसरीपतूर. ती बी एका गावात न्हाई, तीन गावात मिळून. दसऱ्याला फड निघायचा तो वैशाखात परत यायचा, तवर शाळंत कोन बसनार. पन त्या काळात मी जे शिकले ते गफूरचाचाकडं शिकले. चाचा कनाती शिवायचे, दोरांच्या गाठी मारायचे, आन त्यांचं खरं काम म्हंजी फडाच्या म्होरं जायाचं. जत्रंची सुपारी ठरली की चाचा आठ दिस आदी एस्टीनं त्या गावाला जायाचे, जागा बगायचे आन गावाला सांगायचे, आमाला काय काय लागंल. ते सांगताना एक गोष्ट इसरली तर फड तितं जाऊन तोंडावर पडायचा. चाचाला लिहाया येत नव्हतं. त्यांची आपली रीत व्हती. डोळे मिटून ते सगळा तमाशा सुरवातीपासून चालवायचे आन दर मानसामागं चार सवाल इचारायचे. पायाखाली काय, डोक्यावर काय, हातात काय, पाठीमागं काय.

म्हंजी असं. पैला गण. गणपतीचं गानं म्हनाया चार मानसं हुबी. पायाखाली काय, तर फळ्या, धा हात रुंद, खाली बारा टिपाडं. लोखंडी, गोल, शेतकऱ्याकडं तेलाची न्हाईतर औषधाची असत्यात तसली. या फळ्यांच्या ओट्याला बी आमी फडच म्हनायचो. डोक्यावर काय, तर कापड, कावून की दिवसा ढोलकीवर ऊन पडलं की कातडं तानतं आन आवाज वर चढतो, मंग गानारनीचा गळा फाटतो. हातात काय, तर ढोलकी, तुणतुणं, कडं, हलगी, ते आमचंच. पाठीमागं काय, तर पडदा, पडद्यामागं पान्याचा माठ आन बायांना कापडं बदलाया घर, ज्याची खिडकी गल्लीवर नसंल. मंग गवळण. मडकी पाच, फुटकी चालतील, पन त्यातली एक धड पायजे, ती फोडायची असती. मंग वग. राजाला खुर्ची, हाताची. बिनहाताच्या खुर्चीवर राजा बसला की तो कारकून दिसतो, असं चाचा म्हनायचे. असं करत करत ते शेवटाला यायचे तवा एक बी वस्तू सुटलेली नसायची. मी बाजूला बसून आयकायची आन दोन सालात मला सगळं पाठ झालं.

"बेटी," चाचा म्हनायचे, "कागद भिजतो, कागद हरवतो. तमाशा मनात चालवला तर वस्तू आपोआप मागती. म्हनती, मी ऱ्हायले."

अजून बी मी असंच करते. मागं नातीच्या लग्नात सगळे मोबाईलात बगून बगून याद्या करत व्हते, आन म्या नुस्तं डोळे मिटून बसून सांगितलं, नवरीच्या पाठीमागं हुबं ऱ्हानाऱ्या मामाला चौरंग ठिवला न्हाई, तो बुटका हाय. खरंच ठिवला नव्हता.

एका साली संक्रांतीम्होरं मांजरसुंब्याच्या पलीकडच्या एका गावात माय पडली. गावाचं नाव घेत न्हाई, गावाची चूक नव्हती. तितं टिपाडं मिळाली न्हाईत म्हनून दोन बैलगाड्या एकाला एक लावून वर फळ्या टाकलत्या. असं लई ठिकानी करत्यात. गाडीच्या चाकाला मागून-पुढून दगड लावायचे असत्यात. एका चाकाला लावला नव्हता. मायनं गिरकी घेतली, गाडी वीतभर सरली, फळी निसटली आन मायचा डावा पाय त्या फटीत गेला. हाड मोडल्याचा आवाज म्या आयकला, हलगी वाजत असून आयकला. बीडच्या दवाखान्यात पिलास्टर घातलं. दोन महिने पाय पांढरा धोंडा हून पडला व्हता. मायनं एकदा बी हाय-तोबा केली न्हाई. पिलास्टरमधी खाजायचं तर बाजरीच्या ताटाची काडी आत घालून खाजवायची आन गवळणी गुणगुणायची, तेवढंच.

तवा चाचानं मला एकटीला गाठून सांगितलं. आमी इहिरीवर व्हतो. म्हनले, "तो दगड म्या बगितला न्हाई. बगितला न्हाई म्हंजी दिसला न्हाई. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू आलाय. तात्याला सांगितलं तर मला घरी पाठवंल. मपलं घर कुटं हाय, हीच कनात हाय."

मी चौदा-पंधरा वर्षांची. म्या म्हनलं, "चाचा, इथून म्होरं मी येते तुमच्या संगं. बगायचं काम मपलं."

तात्यांना सांगितलं, चाचा म्हातारे झालेत, पिशवी धरायला जाते. तात्यांनी मपल्याकडं लई येळ बगितलं आन म्हनले, "जा." मायचं पिलास्टर निघालं तवा पाय बारीक झालता, पिंढरी नुस्ती चामड्याची पिशवी. रोज सकाळच्यापारी ती भिंतीला धरून हुबी ऱ्हायची, हात सोडायची, परत धरायची. तात्या एक दिवस दारात हुबं ऱ्हाऊन म्हनले, "रखमे, चैतात गंगंकाठची जत्रा हाय. हजेरीला हुबी ऱ्हा. पायानं धरलं तर तुपली जागा तुपली. न्हाई धरलं तर दुसरी बाई आनतो. तू घरी बस, भाकरीला कमी पडू देनार न्हाई."

माय म्हनली, "भाकरीचं म्या इचारलंय का?"

तात्या माघारी वळले. तात्या वाईट नव्हते. चाळीस मानसांचा फड व्हता, नाचनारीबिगर तो चालत नसतो. पन मायची जागा गेली असती तर ती जित्ती ऱ्हायली नसती असं मला तवा वाटायचं. आता वाटतं, ऱ्हायली असती, मानूस कशात बी ऱ्हातं, पन ती दुसरीच कोनी झाली असती.

हजेरी म्हंजी काय ते सांगते, आता कोनाला म्हाईत नसतं. जत्रंचा मोठा तमाशा रातीचा, तिकिटाचा. पन दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं देवासाठी म्हनून तमाशा करायचा, त्याला तिकीट नसतं. सगळं गाव येतं, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या. दिवसाउजेडी असल्यानं त्यात काय लपत न्हाई. रातीच्या उजेडात लंगडा पाय झाकून जाईल, हजेरीला झाकत न्हाई. म्हनून तात्यांनी हजेरीच निवडली व्हती. गावाला बी रातीपरीस हजेरीचा मान जास्त.

आठ दिस आदी मी आन चाचा गेवराईला उतरलो आन तितून बैलगाडीनं त्या गावाला गेलो. गोदावरीला तिकडं गंगाच म्हनत्यात. मी पैल्यांदाच त्या भागात गेलते. आमच्याकडं कुसळं आन खडे, तितं ऊस, केळी, आन माती अशी काळीभोर की पायाला चिटकून संगं यायची. गावचे कारभारी अण्णा म्हनून व्हते, उंच, कानात बिगबाळी, बोलायला गोड. देवळापुढं मोठी मोकळी जागा. चाचानं मान वर करून गालावर वारं घेतलं आन मला म्हनले, "पच्छिमेचं हाय. फड कसा बसवशील?" म्या सांगितलं, देवाकडं तोंड करून, म्हंजी वारं पाठीवर येईल आन गानं लोकांकडं जाईल. अण्णा खूश झाले.

मंग म्या सगळं म्हनून दाखवलं. टिपाडं बारा, फळ्या, कापडाला बांधाया बल्ल्या सहा, माठ, घर, मडकी, हाताची खुर्ची.

"हाताची कावून?" अण्णानं इचारलं.

"राजा हाय."

"मंग मपलीच देतो. दुसऱ्या कोनाच्या खुर्चीला हात न्हाईत." संगं आलेली मानसं हसली. एक जन म्हनला, "अण्णा, तुमी कुटं बसनार बे मंग?" तर अण्णा म्हनले, "राजाच्या मांडीवर."

आन शेवटाला म्या सांगितलं, "पान्याचा सडा पायजे. फड लागला की सगळीकडं, फडाखाली, फडाभवती. आदल्या सांजंला एकदा आन हजेरीच्या सकाळी एकदा. धुरळा बसंस्तोर."

हे आमच्या माळाचं मागनं व्हतं. माळावर हजार पायांनी असा फुफाटा उडतो की गानारनीचा घसा दुसऱ्या कडव्याला बसतो. म्हनून चाचांच्या यादीत सडा कायम. म्या पाठ केलतं तसं म्हनलं. अण्णांनी जरा थांबून इचारलं, "फडाखाली बी?"

"फडाखाली आदी," म्या म्हनलं. लई शानपनानं म्हनलं.

"बरं," अण्णा म्हनले. "पान्याला कमी न्हाई. गंगामाय बाजूलाच हाय."

मानसं एकमेकाकडं बगत व्हती. म्या बगितलं ते, बगायचं काम मपलंच व्हतं, पन त्यातून काय घ्यावं ते कळलं न्हाई.

जत्रंच्या दिवशी आमचा ट्रक दुपारच्याला पोचला. रातीचा खेळ मोठ्या कनातीत, तो गावाबाहेरच्या शेतात झाला, त्यात माय नव्हती. हजेरीचा फड देवळापुढं आमी दिवस मावळायच्या आत उभा केला. म्या दर टिपाडाला लाथ मारून बगितली, फळ्यांवर चालून बगितलं, गच्च. गावच्या पोरांनी बैलगाडीवर पान्याची पिंपं आनून सांजंला सडा टाकला. मला लई बरं वाटलं की गाव शब्दाला जागतंय.

सकाळी मी माठ भराया गेले. अजून ऊन कवळं व्हतं. सडा दुसऱ्यांदा टाकून झालता, आन असा मन लावून टाकला व्हता की जमीन चकाकत व्हती. म्या फडावर पाय ठिवला आन फळी पायाखाली बोलली. टक. पलीकडं पाय ठिवला, परत टक. खाली वाकून बगितलं तर उजव्या अंगाची पुढची टिपाडं चार-चार बोटं मातीत गेलती, तीन तिरपी झालती. काळी माती पानी पिऊन फुगलती, आन टिपाडाखाली लोण्यावानी झालती. म्या चाचांना बलावलं. चाचांनी वहान काढली, अनवानी पायानं माती दाबली, अंगठा आत गेला. ते मटकन खालीच बसले.

"या खुदा," म्हनले. "म्या हे तुला सांगितलंच न्हाई. आपन सारी उमर मुरमावर काढली."

मी पळत बायांना दिलेल्या घरात गेले. माय घुंगरं बांधत व्हती. डाव्या पायाला बांधताना ती दात दाबून धरायची. म्या सांगितलं, फड खचलाय, सडा म्या मागितला व्हता, मपली चूक हाय.

मायनं वर बगितलं न्हाई. घुंगराची दोरी वढली, गाठ मारली. म्हनली, "मला कावून सांगती? मी काय माती हाय का? ज्याला सांगायचं त्याला सांग."

"तू वर जाऊ नको, माय."

"मी तर जानार. तू खालचं बग."

मंग मी तात्यांकडं गेले. ते देवळाच्या पायरीवर चहा पीत व्हते, संगं अण्णा. म्या दोघांपुढं सांगितलं जसं मायला सांगितलं तसं. मला वाटलं तात्या मारतील. त्यांनी बशी खाली ठिवली आन अण्णांना इचारलं, "तुमाला म्हाईत व्हतं, वली केली की ही माती बसती?"

अण्णा म्हनले, "लहान लेकराला म्हाईत हाय ते."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"पोरगी म्हनली फडाखाली आदी. आमाला वाटलं तुमच्या घुंगराच्या देवाची काय रीत असंल. पावन्यानं मागितलं तर आमी न्हाई कसं म्हनावं. आमी तर दोन पिंपं जास्त टाकली."

तात्यांना हसू आलं का राग आला ते कळलं न्हाई, त्यांच्या मिशा हलल्या. देवाची आरती व्हायची व्हती, त्याच्यामागं हजेरी. दुपारी कुस्त्या, म्हनून हजेरी म्होरं ढकलता येत नव्हती. दुसरी जागा सगळी वलीच. फळ्या व्हत्या तेवढ्या वर लागल्या व्हत्या. बायाबापड्या पोरं काखंत घेऊन येऊन बसायला लागल्या व्हत्या.

एक म्हातारी बाई पुढंच बसलती, सरूआत्या म्हनत्यात तिला सगळे, अण्णांची चुलती. ती बसल्या जागंवरून म्हनली, "अरे, बैल गाळात फसला तर काय करता? पायाखाली रुंद टाकता का न्हाई? टिपाडाची कड हाय धारंची, ती चिरत जानारच. खाली रुंद टाका कायतरी."

"काय टाकावं आत्या, फळ्या संपल्या," अण्णा म्हनले.

"मपलं दार काढा."

कोनी हाललं न्हाई. मंग ती स्वता उठली, कमरंवर हात ठिवून घराकडं चालाया लागली, आन चार मानसं मुकाट्यानं तिच्या मागं गेली. त्या भागातल्या जुन्या घरांची दारं बिजागरीवर नसायची. दाराला वर-खाली लाकडाचे खुंटे असायचे, ते उंबऱ्याच्या आन चौकटीच्या भोकात बसवलेले. दोघांनी वर उचलून वढलं की दार निघून येतं. सरूआत्याचं दार आलं, सागवानी, पितळंच्या फुल्यांचं. मंग अण्णा घरी गेले आन आपलं आनलं. त्यांची बायको मागून वरडत आली, "घरात पितळंची भांडी हायती, दार नेऊन ठिवलं तर राखायचं कोनी?" अण्णा म्हनले, "चोर बी हजेरीलाच बसलाय, तू बी बस."

मंग काय, गाव पेटलंच. जो तो आपलं दार घेऊन आला. बारा लागायची व्हती, अठरा आली. त्यात भांडनं. एक जन म्हनला, "मपलं दार बाईच्या पायाखालीच घाला बे, मधी." दुसरा म्हनला, "तुपल्या दाराला वाळवी हाय, ते ढोलकीवाल्याखाली घाल." मी रडत व्हते आन हसू बी येत व्हतं. तात्यांनी स्वता धोतर खोचलं. आमच्या मानसांनी फळ्या काढल्या, टिपाडं उचलली. घराघरातून चुलीतली राख आन भुसा आनून वल्या मातीवर पसरला, त्यावर दारं आडवी टाकली, त्यावर टिपाडं. चाचा गुडघ्यावर बसून दर टिपाडाच्या कडंवरून तळहात फिरवायचे, आन सपाट झालं की म्हनायचे, "पुढचं." हाताला डोळ्यापरीस जास्त दिसत व्हतं.

तवाच त्यांनी काम करता करता तात्यांना सांगून टाकलं. "तात्या, मला दिसत न्हाई. गाडीचा दगड बी मपल्यामुळंच ऱ्हायला."

तात्या फळीचं दुसरं टोक धरून हुबे व्हते. म्हनले, "म्हाईत हाय. म्हनून तर पोरगी दिली तुपल्या संगं. वढ, वढ, आरती संपाया आली."

आरतीची घंटा वाजाया लागली तवा शेवटची फळी बसली. मी वर जाऊन नाचले, मला येईल तसं, टाचा आपटल्या. एक बी फळी बोलली न्हाई. तरी मला भरवसा येईना. म्हनून मी फडाखाली शिरले. बारा टिपाडांच्या भवतीनं पडदा बांधलेला व्हता, आत अंधूक, राखंचा वास, फळ्यांच्या फटीतून उन्हाच्या रेघा. मधल्या टिपाडाला मी दोन्ही हातांनी धरून बसले, जसं काय मी धरलं म्हनून ते थांबनार व्हतं.

गण झाला. डोक्यावर चार मानसांचे पाय. मंग ढोलकीनं बोलावलं आन सगळं गाव चिडीचूप झालं. घुंगरं आली. मी मायला त्या दिवशी नाचताना बगितलंच न्हाई, नुस्तं आयकलं. उजवा पाय पडला, खण्ण. मंग काय न्हाई. ढोलकीवाला बी थांबला, तो जुना मानूस, त्यानं तोड, म्हंजी तालाचा शेवटचा तुकडा, पुन्हा फिरवून आनली, तिला येळ दिला. मला वरून धूळ डोळ्यात पडत व्हती, पन मी डोळे मिटले न्हाईत. डावा पाय पडला. हलका, मांजरीसारखा. परत उजवा. परत डावा, जरा जड. मपल्या हाताखालचं टिपाड तसंच. परत डावा, आता टाच सुद्धा आली. मंग ढोलकी आन पाय एक झाले आन मला निराळं आयकू यायचं थांबलं. माय गायला लागली. दोन महिने भिंतीला तोंड करून जी गवळण गुणगुणायची तीच, पन आता मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं. खरं सांगते, मला त्या येळी आनंद झाला असं न्हाई. मला एकदम झोप आली. लई दिसांचं कायतरी छातीवर घेऊन फिरत व्हते, ते कोनीतरी उचलून बाजूला ठिवल्यासारखं. मी टिपाडाला डोकं टेकवलं. त्या पत्र्यातून मायचा पाय मपल्या डोक्यात वाजत व्हता.

हजेरी संपली तवा ऊन डोक्यावर आलतं. मंग दारं परत करायची. ती कोनाची कोनती ते कळंना, राखंनं आन चिखलानं सगळी एका रंगाची झालती. सरूआत्या पितळंच्या फुल्यांवर पदर फिरवत आपलं हुडकत व्हती. एकाच्या घरात कुत्रं शिरून शिक्यातलं दही खाऊन गेलतं, तर तो अण्णांना म्हनला, "तुमी म्हनला चोर हजेरीला बसलाय, कुत्र्याचं कोन बगनार?" अण्णांनी त्याला आपल्या घरचं दही दिलं. आमच्या मानसांनी दर दार गंगंवर नेऊन धुतलं आन ज्याचं त्याच्या चौकटीत बसवून दिलं, तेल लावून. दोन दारांची अदलाबदल झाली म्हनत्यात, पन दोन्ही घरात तवापासून सोयरीक झाली, असं मागं कोनीतरी सांगितलं. खरं-खोटं म्हाईत न्हाई.

आता फड लोखंडाचे, घडीचे, ट्रकातून येत्यात, खाली चाकं बी असत्यात. तरी कुटं मांडव दिसला की मी आदी खाली वाकून बगते. पोरगा म्हनतो, माय, लोक बगतात. बगू दे.

त्या दिवशी तात्या जेवताना पंगतीत बसले व्हते, गावानं पुरनाची पोळी केलती, आमटी लई झणझणीत. माय मपल्या शेजारी बसली आन लई दिसांनी पोटभर जेवली, दोनदा आमटी मागून घेतली. तात्या पलीकडून म्हनले, "रखमे, वैशाखात पैठणच्या रस्त्याला तीन गावं हायती. लुगडं हिरवं घाल, निळं विटलंय." माय म्हनली, "हिरव्याला काठ लावायचा ऱ्हायलाय." एवढंच. दुसऱ्या बाईचं नाव परत कवा निघालं न्हाई. मला मात्र त्यांनी उठता उठता इचारलं, "पैठणच्या रस्त्याला माती कसली हाय?" म्या म्हनलं, "म्हाईत न्हाई. जाऊन बगते." ते म्हनले, "तेच पायजे."

दुपारी कुस्त्यांचा हलकल्लोळ चाललता, सगळं गाव तिकडं. बायांना दिलेल्या घरात आमी दोघीच व्हतो. मायनं घुंगरं सोडली, डाव्या पायाच्या घोट्यावर दोरीचा लाल वळ उमटला व्हता. ती वाकळंवर आडवी झाली आन पाय मपल्या मांडीवर टाकला. म्हनली, "दाब जरा." म्या दाबाया लागले. पिंढरीत आता मांस भरलं व्हतं, हाताला कळत व्हतं. दोनदा दाबलं असंल-नसंल, तर माय घोराया लागली. पिलास्टर निघाल्यापासून ती अशी कवा झोपली नव्हती, सारखी कूस बदलायची. पाय हळूहळू जड झाला, मपली मांडी बधिर झाली, तिकडं कोन्या पैलवानानं कोनाला पाडलं असंल, लोक वरडले. माय जागी झाली न्हाई. मी बी मांडी हालवली न्हाई.